राहून गेलेली शिरगणती

[दृश्य: सीताबर्डी, सकाळची वर्दळ. मग झिरो माइलचा स्तंभ.]

महाराष्ट्रात जनगणनेची घरयादी, म्हणजे घरं नोंदवण्याचा पहिला टप्पा, १ मे २०२० पासून सुरू व्हायची होती. मे महिना, आणि तोही नागपूरचा. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात पाण्याची बाटली घेऊन गल्लोगल्ली फिरायचं. शाळांच्या स्टाफरूममध्ये ड्यूटी कोणाला लागणार आणि कोणाला सुटणार, एवढाच विषय.

११ मार्चला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्रालयाचं पत्रक निघालं: जनगणनेचा पहिला टप्पा आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं काम, दोन्ही पुढील आदेशापर्यंत स्थगित.

तो पुढचा आदेश यायला पाच वर्षं लागली.

१८८१ पासून या देशात दर दहा वर्षांनी माणसं मोजली जात होती. १९३१ मध्ये सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत मोजली, १९४१ मध्ये महायुद्ध चालू असताना मोजली. फाळणीनंतर १९५१ ला मोजली. आसामात १९८१ ला आणि जम्मू-काश्मिरात १९९१ ला मोजणी होऊ शकली नाही, पण बाकी देशाचं वर्ष चुकलं नाही. ते पहिल्यांदा चुकलं २०२१ ला.

[दृश्य: इतवारीतली अरुंद गल्ली. एका जुन्या दाराच्या चौकटीवर पुसट झालेला क्रमांक.]

जनगणना म्हणजे आकडे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते पायपिटीचं काम आहे. शहराचे आणि गावांचे छोटे तुकडे पाडतात, त्यांना प्रगणन गट म्हणतात. एका गटात साधारण साडेसहाशे ते आठशे माणसं. एक गट, एक प्रगणक. हा प्रगणक बहुतेक वेळा जवळच्या शाळेतला शिक्षक किंवा शिक्षिका, नाहीतर महापालिकेतला कर्मचारी.

पहिलं काम नजरी नकाशाचं. कागदावर रस्ते, नाला, देऊळ, पाण्याची टाकी अशा खुणा टाकायच्या आणि मग घरं काढत जायची. पक्कं घर असेल तर चौकोन, कच्चं असेल तर त्रिकोण. ज्यात कोणी राहत नाही, दुकान किंवा गोदाम आहे, त्या चौकोनात तिरप्या रेघा. गांधीबागेत खाली दुकान, मध्ये गोदाम, वर बिऱ्हाड आणि मागच्या जिन्याने गेलं की आणखी एक बिऱ्हाड. हे सगळं कागदावर बरोबर उतरवायला प्रगणकाला त्या जिन्यावर चढावंच लागतं. उपग्रहावरून छप्पर दिसतं. छपराखाली चुली किती, ते नाही दिसत.

मग प्रश्न. २०२० च्या घरयादीसाठी ३१ बाबी ठरल्या होत्या. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी कुठून, शौचालय कुठलं, इंटरनेट आहे का, इथपासून घरात मुख्यतः कोणतं धान्य खातात इथपर्यंत. एका घरात बसून, बोलत बोलत विचारायचे. दारात उभं राहून, माणसाच्या तोंडासमोर तोंड करून बोलणं हाच या कामाचा गाभा. आणि नेमकं तेच २०२० च्या उन्हाळ्यात धोक्याचं ठरलं.

[दृश्य: सतरंजीपुरा, मोमिनपुरा. आज उघडी असलेली दुकानं, माणसांनी भरलेला रस्ता.]

एप्रिल-मे २०२० मध्ये या वस्त्या पत्रे आणि बांबू ठोकून बंद केल्या होत्या. आत जाणं-येणं बंद. पण गंमत बघा, घरोघरी जाणं काही थांबलं नव्हतं. शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका दारोदार फिरतच होत्या, फक्त हातातला कागद वेगळा होता. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. हातात ताप मोजायचं यंत्र, ऑक्सिमीटर आणि प्रश्न: घरात किती जण, वय किती, कोणाला ताप, कोणाला शुगर-बीपी.

दारावरचा संवाद काहीसा असा व्हायचा.

"काकू, घरात कोणाला ताप-खोकला?"

"नाही जी बाप्पा. कोणालेच नाही."

आणि आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज.

काकूंना भीती तापाची नव्हती, उचलून नेण्याची होती. सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासात विलगीकरण केंद्र होतं, आणि तिकडे नेतील ही धास्ती घराघरात होती. दाराशी वही घेऊन आलेल्या माणसाला खरं सांगितलं तर आपलंच नुकसान होतं, हे लोकांच्या मनात बसलं. जनगणनेला यापेक्षा घातक दुसरं काही नाही. तिच्या सगळ्या इमारतीचा पाया हाच, की विचारणाऱ्याला लोक खरं सांगतात. लोकसंख्या नोंदवही म्हणजे नागरिकत्व तपासण्याची पहिली पायरी, या भीतीतून २०१९-२० च्या हिवाळ्यात उठलेल्या वादाने तो विश्वास आधीच डळमळला होता.

म्हणजे मनुष्यबळ तेच, दार तेच. साथीने दोन्ही आपल्या कामाला जुंपले. जनगणना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढे ढकलून भागणार नव्हतं, ते यामुळे.

[दृश्य: पांजरी टोलनाका. ट्रकांची रांग.]

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते ही जास्त खोल आहे.

मे २०२० मध्ये या टोलनाक्यावर माणसांचे लोंढे थांबत होते. कोणी हैदराबादहून निघालेलं, कोणी मुंबईहून. जायचं उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, छत्तीसगडला. देशाच्या मधोमध असल्याची किंमत नागपूरने तेव्हा मोजली, आणि इथल्या लोकांनी या पायी चालणाऱ्यांना जेवण, पाणी, चपला दिल्या. पण जनगणनेच्या नजरेतून विचारा: हा माणूस कुठला? हैदराबादचा की उत्तर प्रदेशातल्या बलियाचा?

आपल्याकडे माणूस त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजतात. मूळ वेळापत्रकानुसार माणसं मोजण्याचा हा दुसरा टप्पा ९ ते २८ फेब्रुवारी २०२१ असा होणार होता, आणि १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो. शेवटच्या रात्री प्रगणक रेल्वे स्टेशनवर, उड्डाणपुलाखाली, देवळांच्या पायऱ्यांवर जातात आणि ज्यांना घर नाही त्यांची नोंद करतात. देशाचा एका क्षणाचा फोटो काढायचा तो असा. साथीत सगळेच हललेले. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा वर्षभर नागपुरात मनीषनगरच्या आईवडिलांच्या घरात लॅपटॉप उघडून बसलेला. वसतिगृहं रिकामी, मेसचे डबे बंद. बुटीबोरीच्या कारखान्यांतले कामगार गावी. तेव्हा मोजलं असतं तर पुणे कमी भरलं असतं आणि गावं जास्त.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्सने २१ मार्च २०२१ ला, निर्बंध चालू असताना, ठरल्या दिवशी जनगणना केली. प्रतिसाद ९७ टक्के, तोही मुख्यतः ऑनलाइन. पण लंडनच्या मधल्या काही भागांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी आली, आणि ती खरंच घटली की माणसं तेवढ्यापुरती निघून गेली होती, यावर तिथे बराच खल झाला. शेजारच्या स्कॉटलंडने एक वर्ष थांबून २०२२ ला मोजणी केली, तर प्रतिसाद ८९ टक्क्यांवर अडकला. दक्षिण आफ्रिकेने २०२१ ची मोजणी २०२२ मध्ये केली आणि नंतरच्या तपासणीत जवळपास ३१ टक्के माणसं मोजायची राहिल्याचं निघालं. वेळेवर करा की थांबून करा, साथ आपला वाटा घेतेच.

तरी नागपूरच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करावी लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये मोजणी झाली असती, तर प्रगणक नेमके दुसऱ्या लाटेच्या तोंडी गेले असते. ती लाट राज्यात आधी विदर्भातच उसळली. २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली, त्याच सुमारास नागपुरात शाळा-कॉलेजं पुन्हा बंद झाली, १५ मार्चपासून शहरात कडक निर्बंध आले. एप्रिलमध्ये जिल्ह्यात एका दिवसाला सात हजारांवर रुग्ण निघत होते. त्या वीस दिवसांत प्रत्येक प्रगणकाने दीड-दोनशे घरांचे उंबरे ओलांडले असते. तेव्हाची स्थगिती चूक नव्हती.

[दृश्य: जुन्या नागपूरचा नकाशा. महाल, इतवारी, शुक्रवारी तलाव.]

या शहराला साथ आणि शिरगणती यांची गाठ नवी नाही. १९०१ मध्ये नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या वर होती. १९११ ला ती भरली एक लाखाच्या जेमतेम पुढे. आणि १९२१ ला पुन्हा एक लाख ४५ हजार. असं खालीवर होणारं शहर कुठलं? तो काळ प्लेगचा होता. उंदीर पडू लागले की माणसं घराला कुलूप लावून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. १९११ चा आकडा वाचायचा तर ही रिकामी घरं डोळ्यांसमोर ठेवून वाचावा लागतो.

मग आला १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, ज्याची राजधानी नागपूर होती, हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. खेड्यातल्या जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर पोहोचवायचं काम कोतवालाचं. गावंच्या गावं आजारी पडली, तेव्हा कोतवालही अंथरुणाला खिळलेला. मृत्यूंची नोंद कोलमडली. किती गेले, याचा अंदाज आला तो मार्च १९२१ च्या जनगणनेतून. १९११ मध्ये भारताची लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती, १९२१ ला २५ कोटी १३ लाख. त्यानंतर लोकसंख्या वाढतच गेली, म्हणून पुढे पाठ्यपुस्तकांत १९२१ हे 'महाविभाजक वर्ष' झालं ते या घटीमुळे. त्या जनगणनेचे आयुक्त जे. टी. मार्टेन, १९११ ला मध्य प्रांत-वऱ्हाडची मोजणी त्यांच्याच देखरेखीखाली झाली होती, हा प्रदेश त्यांना नवा नव्हता.

मुद्दा असा. साथीत रोजच्या नोंदी कोलमडतात आणि मग जनगणना मागे वळून हिशेब लावते. १९१८ च्या साथीचा हिशेब अडीच वर्षांत लागला. कोरोनाच्या वेळी हिशेब लावणारीच गैरहजर.

मृत्यू किती झाले, यावर म्हणूनच आजही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त, म्हणजे एरवीपेक्षा जास्तीच्या, मृत्यूंचा अंदाज मांडला. भारत सरकारने ती पद्धतच अमान्य केली. नागरी नोंदणीचे आकडे सांगतात, २०१९ मध्ये देशात ७६ लाखांवर मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाखांवर, आणि २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. यातला किती भाग साथीचा आणि किती नोंदणी सुधारल्याचा, हे ठरवायला वयोगटांनिशी लोकसंख्या हाताशी लागते. ती २०११ ची. आता मोजणी होणार २०२७ ला, तेव्हा मधल्या सहा वर्षांचे जन्म, मृत्यू, स्थलांतरं त्यात मिसळलेली असतील. मार्टेन यांना दिसली तशी ठळक खूण कदाचित दिसणार नाही.

[दृश्य: बेसा, बेलतरोडी. उंच इमारती, मध्येच उरलेला शेताचा तुकडा.]

आणि आकडा नसला तर काय अडतं? रेशन अडतं. अन्नसुरक्षा कायद्याची कमाल लाभार्थी संख्या, ८१ कोटी ३५ लाख, ही २०११ च्या लोकसंख्येवरून बांधलेली आहे. त्यानंतर कुटुंब वाढलं, नवं कार्ड हवं, तरी राज्याचा कोटा तिथेच. नागपूर महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली, ३८ प्रभाग, १५१ जागा. आधार २०११ चाच, शहराची लोकसंख्या साधारण २४ लाख. बेसा-बेलतरोडीच्या बाजूला तेव्हा जिथे तूर उभी असायची, तिथे आता लिफ्ट आहेत. टँकर किती, शाळा किती, बस किती, याचं नियोजन करणाऱ्याकडे कागदावर ती तूरच आहे.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. २०२० आणि २०२१ चं खापर साथीवर फोडता येतं. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्राने सगळे निर्बंध उठवले, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा निघाल्या. नेपाळने जून २०२१ ची मोजणी त्याच वर्षी नोव्हेंबरात उरकली. बांगलादेशने २०२२ ला केली. आपल्याकडे निवडणुका तर साथीतही झाल्या. त्यानंतर दर काही महिन्यांनी एकच सूचना येत राहिली: प्रशासकीय सीमा गोठवण्याची मुदत वाढवली. मोजणी सुरू होण्याआधी जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दी स्थिर कराव्या लागतात. मुदत पुढे ढकलली म्हणजे मोजणीही पुढे गेली. ते काही विषाणूने केलं नाही.

[दृश्य: वर्गखोली. बाकांवर मोठी माणसं, हातात मोबाइल.]

१६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली. नवा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ, त्यात प्रत्येक राज्याने आपले तीस दिवस निवडायचे. खर्च ११ हजार ७१८ कोटी, कामाला सुमारे ३० लाख माणसं. या वेळी जातीचीही नोंद होणार, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची.

नोंद मोबाइल ॲपवर. लोकांना घरबसल्या स्वतःची माहिती भरायची सोय आहे, तिला स्व-गणना म्हणतात. माहिती भरली की एक क्रमांक मिळतो. पुन्हा साथ आली तर हा मार्ग थोडाफार उपयोगी पडेल, इंग्लंडला पडला तसा. पण तो क्रमांक दाखवायचा कोणाला? दाराशी आलेल्या प्रगणकालाच. घर आहे की नाही, त्यात कोणी राहतं की कुलूप आहे, हे ठरवायला गांधीबागेतल्या त्या मागच्या जिन्याने कोणाला तरी चढावंच लागणार, आणि ते काम याही वेळी शाळेतल्या बाईंच्याच वाट्याला आहे.