पाच ओगराळी: नॉर्मंडीतलं कामाँबेर

(दृश्य: वळणाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट कुंपण.)

पाटी दिसते, चर्च दिसतं, गावकचेरी दिसते आणि गाडीचा गिअर बदलेपर्यंत गाव संपलेलं असतं. चीजच्या डब्यावर आपण ‘कॅमेम्बर्ट’ वाचतो, ते हेच गाव. इथली माणसं त्याला कामाँबेर म्हणतात. वस्ती दोनशेच्या आसपास. नावाचा अर्थही शेतकऱ्याच्याच घरचा: माँबेर नावाच्या कुणाचं तरी शेत.

(दृश्य: ड्रोनमधून दरी.)

फ्रान्सच्या नॉर्मंडीतला हा ऑर्न जिल्हा, आणि त्यातला पेई दोज हा टेकड्यांचा मुलूख. खालून विएत नावाची लहानशी नदी वाहते. जमीन चिकणमातीची. नांगराला जड, पण ओल धरणारी. समुद्रावरून येणारा पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच असतो. अशा जमिनीत गहू पिकवण्यापेक्षा गवत राखलेलं बरं, हे इथल्यांनी कधीच ओळखलं. म्हणून बांधाबांधावर झाडाझुडपांची कुंपणं, मध्ये कुरणं, कुरणात सफरचंदाची झाडं आणि झाडांखाली गायी.

(दृश्य: गायीचा चेहरा, अगदी जवळून.)

ही नॉर्मांद गाय. डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. हिचं दूध दाट, प्रथिनांनी भरलेलं, त्यामुळे दही घट्ट लागतं.

(दृश्य: चीजघर. वाफ. टेबलावर ओळीनं उभे साचे.)

आता जरा थांबून बघा. दूध कच्चंच आहे, उकळलेलं नाही, पाश्चराइज केलेलं नाही. कोमट दुधात रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातलं विरजण पडलं, दूध विरजलं. आता ते ओगराळ्यानं उचलायचं, हळूच, दही न मोडता, आणि बिनबुडाच्या उंच साच्यात सोडायचं. एका साच्यात एकच ओगराळं. मग पुढचा साचा, त्याच्या पुढचा. टोकाला पोचून परत यायचं, तोवर पहिल्या साच्यातली निवळी गळून दही खाली बसलेलं असतं. त्यावर दुसरं ओगराळं. मग तिसरं, चौथं, पाचवं. आपण चक्का फडक्यात बांधून टांगतो, इथे तो स्वतःच्याच वजनानं निथळतो. दाबायचं नाही, घाई करायची नाही. एका चीजला दोन लिटरहून थोडं जास्त दूध लागतं आणि हातात येतं अडीचशे ग्रॅम. नंतर मीठ, बुरशी आणि किमान तीन आठवडे. ही पांढरीशुभ्र बुरशीही तशी अलीकडची, विसाव्या शतकातली. त्याआधीच्या कामाँबेरची साल निळसर-करडी असायची.

(दृश्य: मारी आरेलचा पुतळा, जवळचं विमुतिए गाव.)

शोधाचं श्रेय मारी आरेल या शेतकरीणबाईला देतात. जन्म १७६१, शेजारच्या क्रुत गावात. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, १७९१ साली, चीजसाठीच नावाजलेल्या ब्री भागातला एक पाद्री बोमाँसेलच्या वाड्यात लपला होता आणि त्यानं तिला युक्ती सांगितली, अशी कथा. गोड कथा आहे. फक्त १७०८ साली छापलेल्या एका कोशात विमुतिएच्या सोमवारच्या बाजारात येणाऱ्या कामाँबेरच्या चीजची तारीफ आहे, म्हणजे मारीच्या जन्माआधी अर्धं शतक! पण तिच्या लेकी-नातवंडांनी हे चीज बाजारात नेलं, वाढवलं, हे खरं. मग रेल्वे आली, आणि १८९० च्या सुमारास रिदेल नावाच्या इंजिनिअरनं पॉप्लरच्या पातळ लाकडाचा गोल डबा काढला. तोवर गवताच्या काड्यांवर ठेवून जाणारं हे नाजूक चीज आता दूरदेशी धडधाकट पोचू लागलं.

मारीचा पहिला पुतळा १९२८ सालचा. त्यामागे क्निरिम नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. या चीजनं रोग्यांची पोटं बरी होतात, असं तो म्हणे. १४ जून १९४४ ला अमेरिकन विमानांनी विमुतिए उद्ध्वस्त केलं.

(दृश्य: डोकं नसलेला पुतळा. निवेदन नाही, आठ सेकंद.)

नवा पुतळा उभा राहिला तो अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या चीज कामगारांच्या वर्गणीतून.

नावाचं काय झालं? १९२६ सालीच ओर्लेआँच्या न्यायालयानं ठरवलं, की ‘कामाँबेर’ हे कुणा एका गावाचं नाव उरलेलं नाही, कुणीही कुठेही वापरावं. १९८३ मध्ये ‘कामाँबेर द नॉर्मांदी’ एवढ्याला संरक्षण मिळालं: कच्चं दूध, ओगराळं, कुरणावरच्या गायी. बाकी जगभर बहुतेक ठिकाणी यंत्रं साचे भरतात. खुद्द या गावात आपल्या गोठ्यातलं दूध आपल्याच घरी विरजणारं एखाद-दुसरंच घर.

(दृश्य: संध्याकाळ. तेच टेबल.)

सकाळी साचे काठोकाठ भरले होते. आता दही पार खाली बसलंय. एक हात साचा उचलतो, चटकन उलटा करतो, परत ठेवतो. पुढचा. त्याच्या पुढचा. टेबलाच्या कडेनं निवळी अजून टपकते आहे.