सहा मीटरचा उजेड

[काळोख. फक्त कापड फडफडल्याचा आवाज.]

हा आवाज आमच्या ओसरीचा. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांचं घर. त्याच्या दाराला जोडलेली कापडी ओसरी, इथे तिला ऑनिंग म्हणतात. चिखलाचे बूट, ओल्या छत्र्या, घडीच्या खुर्च्या, सगळा पसारा हिच्या पोटात. आणि हिच्या दर्शनी दांडीला, बाहेरच्या अंगाला, आम्ही आकाशकंदील टांगला होता.

[कंदील लागतो. केशरी कागद, खाली झिरमिळ्या.]

साल २०२४. जागा एक्समूर, इंग्लंडच्या नैऋत्येचा डोंगराळ माळ. ऑक्टोबरअखेर इथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते आणि त्या वर्षी दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. कंदील माहीमच्या कंदील गल्लीतला, घडी करून बॅगेत तळाशी घालून आणलेला. त्याचा होल्डर इथल्या बल्बला बरोब्बर बसतो, कारण दाबून फिरवायचा तो होल्डर मुळात इथूनच आपल्याकडे गेला. बल्ब घरात पडून होता तोच लावला. ९ वॅटचा, पांढराफटक.

पहिली रात्र मजेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या आजी भेटल्या. हसून म्हणाल्या, "तुमचा दिवा फार सुंदर आहे हो. रात्रभर असतो का?"

मी छाती फुगवून म्हणालो, "हो, अगदी रात्रभर!"

"अस्सं," म्हणाल्या, कॅन भरला आणि गेल्या.

इतकी वर्षं या देशात काढल्यावर तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. इथे कौतुकाच्या शेपटीला प्रश्न बांधलेला असला, की ती तक्रार असते. बायकोला हे सांगायला लागलो, तर तिला अर्ध्या वाक्यातच कळलं.

[सकाळ. गवतावर ओळीने उभ्या कॅराव्हॅन. कॅमेरा चालत जातो.]

ही वस्ती आधी नीट बघू या. प्रत्येक गाडीला नेमून दिलेला तुकडा म्हणजे पिच. पिचच्या कडेला एक छोटा खुंटा, त्याच्या हिशेबाने गाडी लावायची. कॅराव्हॅनवाल्यांच्या मोठ्या क्लबांच्या जागांवर दोन गाड्यांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये किमान ६ मीटर अंतर लागतं, आणि ऑनिंग वगैरे उभारल्यावरही मधे ३ मीटर मोकळे राहायला हवेत. हे अंतर आगीच्या भीतीने ठेवलेलं आहे. कापड, गॅसचे सिलिंडर, शेगड्या, सगळं शेजारी-शेजारी. म्हणून पणत्याही आम्ही ऑनिंगमध्ये लावल्या नाहीत. स्टीलच्या ताटात, उघड्यावर, बाजूला पाण्याची बादली. दहा मिनिटांत वाऱ्याने विझवल्या, तो भाग वेगळा.

आगीला ६ मीटर पुरतात. उजेडाला त्यांची काय पर्वा?

आपल्याकडे चाळीत कंदील ज्याच्या त्याच्या खणापुढे लागतो. मागे विटांची भिंत असते, दार लोटलं की झोपणारा सुखाने झोपतो. इथे भिंत म्हणजे दोन-तीन बोटं जाडीचा पत्रा आणि थर्माकोलसारखा थर. खिडक्या प्लास्टिकच्या, छताला झरोका. आणि ज्यांची पोरं ऑनिंगमध्ये झोपतात, त्यांना तेवढीही भिंत नाही. शेजारच्या दिव्याची सावली त्यांच्या पांघरुणावर नाचते.

[जुन्या घोड्याच्या गाडीचं रेखाचित्र.]

मौजेसाठी कॅराव्हॅन घेऊन निघणाऱ्यांत पहिलं नाव घेतात ते गॉर्डन स्टेबल्स यांचं. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि स्कॉटलंडपर्यंत गेले. त्यांना शेजाऱ्याची चिंता नव्हती, शेजारीच नव्हता. १९०७ मध्ये कॅराव्हॅनवाल्यांचा क्लब निघाला, मग मोटारी आल्या, मग गर्दी. १९६० च्या कायद्याने अशा जागांना परवाना लागू झाला.

या सगळ्या काळात रात्रीच्या उजेडावर एक पहारेकरी होता. बॅटरी. गाडीतल्या बॅटरीवर किंवा गॅसवर दिवा चालायचा तेव्हा झोपताना तो आपोआप विझवला जायचा. शिष्टाचार म्हणून कशाला, सकाळी पाण्याचा पंप चालायला हवा म्हणून.

[पिचच्या कोपऱ्यातला विजेचा खांब. निळी गोल प्लग.]

आता हा खांब बघा. बहुतेक ठिकाणी १६ अँपिअर, म्हणजे साधारण ३,६८० वॅट तुमच्या दारात. त्यात कंदिलाचे ९ वॅट म्हणजे दर्यामें खसखस. मग बंद करायची आठवण कोणाला राहणार? उजेड फुकटासारखा झाला आणि त्याच्याबरोबर तो विझवायची सवय गेली. माझीसुद्धा.

[संध्याकाळ. एकेक पिच.]

संध्याकाळी फेरी मारली, तर काय नाही तिथे! गवतात खोचलेले सोलर दिवे. पताका. काठीवर फुटबॉल क्लबचा झेंडा. लाल टोपीचे चार बुटके पुतळे, एक मासे धरणारा. याला काही लोक नाकं मुरडतात. मला विचाराल तर बुटक्यांनी कोणाची झोप मोडलेली नाही, त्यांना राहू द्या. सोलर दिव्यांची खोड निराळी. ते अंधार पडला की आपणहून लागतात, आणि त्यांचं बटण असतं टोपीच्या खाली, नखाएवढं. निम्म्या लोकांना ते बटण आहे हेच माहीत नसतं. अर्थात ऑक्टोबरच्या उन्हावर चार्ज झालेले ते बिचारे जेवणं होईपर्यंत माना टाकतात.

खरा गुन्हेगार शेवटच्या रांगेत होता. गाडीच्या पोटाखालून फिरवलेली निळी पट्टी. विमानतळावर धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला निळे दिवे असतात तशी. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे तो अख्ख्या माळाला दिसत होता. मला त्या गृहस्थांचा मनापासून राग आला. मग मागे वळून पाहिलं. सगळ्यात पांढरा, सगळ्यात उंच दिवा आमचाच होता.

[जागेची देखरेख करणाऱ्या वॉर्डनच्या केबिनबाहेरची पाटी.]

नियम विचाराल तर आवाजाचा स्पष्ट असतो. अनेक जागांवर रात्री ११ ते सकाळी ७ शांतता. उजेडाचं बहुतेक ठिकाणी रीतीवर चालतं. कायदा नाही असं नाही. २००५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कृत्रिम उजेडाचा त्रास हा उपद्रवांच्या यादीत घातला, नगरपालिका त्यात हात घालू शकते. पण तीन रात्रींच्या शेजाऱ्यासाठी नगरपालिकेत कोण जातं? वॉर्डनकडे जाणं हीसुद्धा चहाडी वाटते. मग उरतो तो नळावरचा प्रश्न.

[तिसरी संध्याकाळ. पाच वाजलेत, सूर्य गेलेला.]

तिसऱ्या संध्याकाळी चकल्यांचा डबा घेऊन मी शेजारी गेलो. माफी मागायची म्हणून इंग्रजी वाक्य जुळवत होतो. ऑनिंगच्या मागे आजोबा एका तिकाटण्यावर वाकले होते. दुर्बीण.

आजी म्हणाल्या, "आम्ही दर वर्षी याच सुमाराला येतो. चंद्र नसेल तो आठवडा बघून."

चंद्र नसेल तो आठवडा. म्हणजे आमची लक्ष्मीपूजनाची अमावास्या! आम्ही जी रात्र दिव्यांनी भरायला आलो होतो, तीच रात्र ही दोघं काळोखासाठी वर्षभर राखून ठेवत होती.

एक्समूर काळोखासाठी प्रसिद्ध आहे, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. २०११ साली युरोपातलं पहिलं आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून याचीच निवड झाली. इथल्या जुन्या ओकच्या रानांत बार्बस्टेल जातीची वटवाघळं राहतात, त्यांनाही झगझगाट सोसत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं. आणि महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही २०२१ पासून आहे. तेव्हा हा नळावरचा प्रश्न पुढेमागे आपल्याकडेही कोणी कोणाला विचारेलच. आपल्याकडे तो इतक्या हळू आवाजात विचारला जाईल असं मात्र वाटत नाही.

[लाल उजेडात हात. दुर्बिणीचं भिंग पुसणारं फडकं.]

आजोबांच्या कपाळावर लाल विजेरी होती. त्यांनी समजावून सांगितलं: डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा दिवा एकदा दिसला की ती सगळी कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. बोलण्यात आरोप नव्हता. माझी नजर मात्र सारखी आमच्या कंदिलाकडे जात होती. तिथून तो थेट दुर्बिणीच्या अंगावर येत होता.

मी म्हणालो, "आज आमची पूजा आहे. नाहीतर काढूनच टाकतो."

आजी म्हणाल्या, "छे, काढू नका! किती वाजेपर्यंत हवा?"

साडेपाच ते साडेसात ठरलं. मी पांढरा बल्ब काढून गाडीतला पिवळसर, मंद बल्ब लावला. कंदील बाहेरच्या दांडीवरून आतल्या हुकाला घेतला. खरं सांगायचं तर तसा तो जास्त छान दिसला. कागदाचा केशरी रंग पहिल्यांदा उठून आला, आधी पांढऱ्यात धुऊन गेला होता. पूजेला दोघंही आली. आजोबांनी चकली जपून चावली, दाताचं काहीतरी चाललं होतं. मग तीन खाल्ल्या.

[कंदील जवळून. घड्याळ: सात एकोणतीस.]

दुर्बिणीत त्या वर्षी शनीची कडी जवळजवळ रेघेसारखी आडवी दिसत होती. ती तर बघायचीच होती. पण लेकीला त्याआधी देवयानी बघायची होती, तीही नुसत्या डोळ्यांनी. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या जास्त टोकदार कोपऱ्याकडून शोधायची. मी तिला लहानपणापासून नावं सांगत आलोय. दाखवता कधी आली नव्हती.

साडेसात वाजले. बटण तिनेच दाबलं.

[काळोख.]

"दिसतंय?"

"काहीच नाही, बाबा."

"थांब. वीस मिनिटं."

[कापड फडफडल्याचा आवाज. बराच वेळ.]