गोळी कुणाला लागू पडते

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त फिजिशियननी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि या उकाड्यात पंख्याखालच्या खुर्च्या पटकावून बसलेल्या सुज्ञ मंडळींनो,

परिचयात माझं एवढं कौतुक झालं की माझंच बीपी वाढलं असणार. आपल्या गावात डॉक्टर म्हटलं की आधी द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं आणि मग आम्हा बाकीच्यांचं काही खरं नसतं. तेव्हा आधीच सांगतो, मी चीनला गेलेलो नाही. अक्कलकोटच्या पुढेही फारसा गेलेलो नाही.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'हृदयातील रिसेप्टर, जनुकीय फरक आणि औषधांचा परिणाम'. हे वाचूनही तुम्ही आलात म्हणजे एकतर तुम्हाला बीपी आहे, नाहीतर व्याख्यानानंतर चिवडा आहे हे कळलंय. ठीक आहे. बीपीची गोळी कोण कोण घेतं? हात वर करा. अर्धं सभागृह. आता खरं सांगा, शेजारच्यांची, विहीणबाईंची, जावेची गोळी एकदा तरी कुणी खाऊन बघितलीय? बघा, एकही हात नाही. सिद्धेश्वराच्या गावात बसून खोटं बोलताय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे नंतर वेळ कमी पडला तरी बिघडत नाही. 'मला ही गोळी लागू पडत नाही' असं पेशंट म्हणतो, तेव्हा निम्म्या वेळा डॉक्टरला वाटतं की हा गोळी घेतच नसणार. आणि पेशंटला वाटतं, शेजारच्याला लागू पडली म्हणजे मलाही पडणार. दोघांच्या चुकीचं मूळ एकच. औषधाच्या नजरेला सगळी माणसं सारखीच दिसतात, असं दोघंही धरून चालतात.

यावरून एका घरातली गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, पेठही सांगणार नाही, कारण सांगितली तर मागच्या रांगेतून 'अरे, ते आमचे शेजारी' असं येईल. टॉवेलचे माग असलेलं एकत्र कुटुंब. दोन जावा. थोरलीला बीपी आणि धडधड, तिला मेटोप्रोलॉल ५० चालू होतं. मेटोप्रोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर. हृदयाची गती आणि जोर दोन्ही कमी करतं. थोरली माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या एका डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलेलं, 'बाई, तुम्ही गोळी घेत नाही आणि आम्हाला फसवता.' गोळी चालू असून तिची नाडी मिनिटाला ऐंशीच्या वर! ती रडकुंडीला आलेली. 'रोज घेते की ओ डॉक्टर, नातवाला विचारा.' नातवाला विचारलं. चौथीतला पोरगा. आजीची पाकिटं मोजायचं काम त्याच्याकडं होतं, आणि कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीनं बारीक टिक. एकही टिक सुटलेली नव्हती. मागच्या महिन्याचंही पान त्यानं जपून ठेवलेलं. गोळ्यांचा असा चोख हिशेब मी नंतर कुणाचाच बघितला नाही.

आता धाकटी. तिलाही थोडं बीपी. रुपयाची बचत म्हणा, आपुलकी म्हणा, थोरलीनं आपल्याच पाकिटातल्या गोळ्या तिला सुरू केल्या. 'मला काही होत नाही, तुलाही काय होणार?' वर्षभर खरंच काही झालं नाही. बीपी छान. मग एका मे महिन्यात, ऊन असं की डांबर पायाला चिकटतंय, धाकटी देवासमोर वाकली ती उठलीच नाही. डोळ्यांपुढे अंधारी. रिक्षात घालून आणली. नाडी बघतो तर चव्वेचाळीस.

घरात निकाल लागलेला होता. सासूबाई म्हणाल्या, धाकटी आधीपासून नाजूकच, तिला ऊन लागलं. दीर म्हणाले, संकष्टीचा उपास धरला होता. मी म्हटलं, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा. ही माझी जुनी सवय, आणि इथे बसलेल्या तरुण डॉक्टरांना सांगतो, ती लावून घ्या. पिशवी टेबलावर उपडी केली. मेटोप्रोलॉल, ॲसिडिटीची गोळी, एक मलमाची दाबून चपटी केलेली ट्यूब आणि टर्बिनाफिनचं अर्धं पाकीट. उन्हाळ्यात कमरेला गजकर्ण झालेलं, म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन दिलेलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाई दुसरी कुठली गोळी घेते, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, कारण ती गोळी मुळात तिची नव्हतीच.

सासूबाईंनी मला विचारलं, 'गजकर्णाचा आणि छातीचा काय संबंध ओ?' प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. उत्तर यकृतात आहे. मेटोप्रोलॉल मोडीत काढायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, सीवायपी२डी६. टर्बिनाफिन नेमकं त्यालाच बंद पाडतं, आणि गोळी थांबवल्यावरही कित्येक आठवडे त्याचा अंमल राहतो. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गोळ्याही तेच करतात. मोडीत निघायचं थांबलं की तोच ५० मिलिग्रॅम रक्तात कित्येक पटींनी साठतो. काही माणसं तर जन्मतःच अशी असतात की त्यांचं हे एन्झाइम कामच करत नाही. त्यांना टर्बिनाफिनचीही गरज नाही. आणि काहींचं भलतंच तेज असतं, गोळी गिळली न गिळली तोच ती निकालात.

म्हणजे थोरली तेज आणि धाकटी मंद? असू शकेल. पण थोरलीची तपासणी झाली नाही, म्हणून मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिला दुसऱ्या गटातली गोळी दिली आणि बीपी उतरलं. ती खोटं बोलत नव्हती एवढं तरी सिद्ध झालं. त्या आधीच्या डॉक्टरांना जाऊन सांगून ये म्हटलं तर म्हणाली, 'जाऊ दे की ओ.' मला मात्र अजून जाऊ देववत नाही.

हे सगळं यकृताचं झालं. विषय हृदयाचा आहे, याची मला आठवण आहे. अध्यक्षांनी घड्याळ बघू नये.

हृदयात ही गोळी बसते कुठे? त्याचाही इतिहास मजेशीर आहे. १९४८ साली अमेरिकेत रेमंड अल्क्विस्ट या शास्त्रज्ञानं मांडलं की ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं शरीरात दोन प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर, काम करतात, अल्फा आणि बीटा. औषधशास्त्राच्या नियतकालिकानं त्याचा लेख परत पाठवला. मग तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला आणि पुढची बरीच वर्षं कुणी फारसा विचारलाही नाही. इथे कवी मंडळी बसली आहेत, त्यांना परत आलेल्या पाकिटाचं दुःख वेगळं सांगायला नको. जेम्स ब्लॅकनं मात्र तो मनावर घेतला. हृदयाला जास्त रक्त पुरवायच्या मागे लागण्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी करावी, हा त्याचा विचार. त्यातून साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर आला आणि १९८८ साली ब्लॅकला नोबेल मिळालं.

पुढची गंमत बघा. आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात ठळक लिहिलेलं असायचं की हृदय कमजोर झालेल्या पेशंटला बीटा ब्लॉकर चुकूनही देऊ नका. परीक्षेत दिला म्हटलं की नापास. आणि १९७५ सालीच स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच सात पेशंटना तो दिला होता, आणि त्यांची तब्येत सुधारली होती. कुणाचा विश्वास बसेना. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक मेटोप्रोलॉलची, एक बिसोप्रोलॉलची. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ज्या उत्तरावर आम्ही नापास झालो असतो, ते न लिहिणारा आज नापास होतो. आमच्या परीक्षकांपैकी कुणी हयात असेल तर—

बरं, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे. प्रश्नोत्तरे धरून.' म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळत सांगतो.

बीटा-१ रिसेप्टर म्हणजे हृदयाच्या पेशीच्या दारावरची बेल समजा. बटण बाहेर, वायर आत. ॲड्रेनलिन बटण दाबतं, आत घंटा वाजते, हृदय धावतं. बीटा ब्लॉकर बटणावर हात ठेवून बसतो. हा रिसेप्टर ४७७ अमिनो ॲसिडची साखळी आहे. त्याचं जनुक दहाव्या गुणसूत्रावर. त्या साखळीत ३८९ व्या जागी काही जणांत आर्जिनिन नावाचं अमिनो ॲसिड असतं, काहींत ग्लायसिन नावाचं. जनुकात एका अक्षराचा फरक, बस्स. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यामुळे कुणाकडे दोन्ही आर्जिनिन, कुणाकडे एक-एक, कुणाकडे दोन्ही ग्लायसिन.

आता नीट ऐका. ही ३८९ ची जागा पेशीच्या आतल्या बाजूला आहे. गोळी जिथे बसते तिथे नाही. म्हणजे बटण दोघांचं सारखंच, फरक वायरीत. १९९९ साली प्रयोगशाळेत पेशींवर बघितलं तेव्हा तेवढ्याच दाबाला आर्जिनिनवाल्या रिसेप्टरनं ग्लायसिनवाल्याच्या तिपटीच्या आसपास संदेश आत पाठवला. जिथे घंटा मुळात जोरात वाजते, तिथे हात ठेवल्यावर शांतताही जास्त जाणवणार, हा तर्क. दुसरा फरक ४९ व्या जागी, सेरिन किंवा ग्लायसिन. ही जागा पेशीच्या बाहेरच्या टोकाला. इथे ग्लायसिन असेल तर सतत ॲड्रेनलिनचा मारा झाल्यावर पेशी स्वतःच रिसेप्टर जास्त प्रमाणात काढून घेते.

माणसांत काय दिसलं? २००३ साली बीपीच्या पेशंटवर मेटोप्रोलॉलचा अभ्यास झाला. दोन्ही आर्जिनिनवाल्यांचं बीपी जास्त उतरलं. मग ब्युसिंडोलॉल, हाही एक बीटा ब्लॉकर. अमेरिकेत २,७०८ हृदय कमजोर असलेल्या पेशंटवर याची चाचणी झाली, २००१ साली निकाल आला, एकूणात फायदा सिद्ध झाला नाही. औषध बाद झाल्यातच जमा. पण त्यातल्या १,०४० जणांचा डीएनए ठेवलेला होता. २००६ साली तो तपासला तर दोन्ही आर्जिनिनवाल्यांत मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी, आणि ग्लायसिन असणाऱ्यांत फायदा शून्य. सगळ्यांची सरासरी काढल्यावर ज्यांना फायदा झाला ते सरासरीत बुडाले! आमची थोरली मला इथे आठवते.

लगेच टाळ्या नकोत. मेटोप्रोलॉलच्या त्या मोठ्या चाचणीतल्या पेशंटचं हेच जनुक तपासलं तेव्हा असा फरक दिसला नाही. मुद्दाम दोन्ही आर्जिनिनवाल्या, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे अनियमित ठोक्यांचा त्रास असलेल्या २६७ पेशंटपैकी काहींना ब्युसिंडोलॉल आणि काहींना मेटोप्रोलॉल देऊन बघितलं, २०१९ साली निकाल आला, एकूणात ब्युसिंडोलॉल मेटोप्रोलॉलपेक्षा सरस ठरलं नाही. ते बाजारात आलंच नाही. शिवाय घंटेचा आवाज दाबणारी आणखी प्रथिनं आत असतात. जीआरके५ नावाच्या प्रथिनाचा एक प्रकार, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, तो जणू जन्मापासून बीटा ब्लॉकर चालू असल्यासारखं वागतो, असं २००८ साली दिसलं. तेव्हा एका अक्षरावरून माणसाचं भविष्य सांगता येत नाही. २०२४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी बीटा ब्लॉकर आणि जनुकं यांवर मार्गदर्शन काढलं, त्यात यकृताच्या एन्झाइमवरून मेटोप्रोलॉलचा डोस कमी ठेवायचा सल्ला आहे. रिसेप्टरच्या जनुकावरून गोळी ठरवायचा सल्ला नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आता मोबाइलवर जाहिराती येतात, थुंकी पाठवा, तुमची गोळी सांगतो. आणि या अभ्यासांतले पेशंट बहुतेक युरोपी किंवा अमेरिकी. आपल्या पूर्वभागातला तेलुगू विणकर, जुन्या पेठेतला कानडी व्यापारी आणि पंढरपूरकडून आलेला मराठी शिक्षक, तिघं एका दवाखान्यात एका बाकावर बसतात. त्यांच्यावरचा मोठा अभ्यास मला वाचायला मिळालेला नाही. आपल्या मेडिकल कॉलेजातल्या कुणी हे मनावर घेतलं तर मी पाकिटं मोजायला येईन.

प्रश्न आलाय, 'मग मी काय करू?' मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजायला शिका, रोज एकाच वेळी, आणि लिहून ठेवा. रिसेप्टर कसाही असो, त्याचा परिणाम तिथे कळतो. दुसरा प्रश्न, 'लागू पडत नसेल तर बंद करू का?' अजिबात एकदम बंद करू नका. बटणावर बराच काळ हात राहिला की पेशी नवीन बटणं बसवते. हात अचानक काढलात तर सगळी एकदम वाजतात. छातीत दुखणं, क्वचित झटकाही येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

किडनीचा त्रास असलेल्या आणि ॲटेनोलॉल घेणाऱ्या मंडळींनी चहाच्या वेळी मला गाठा. ते औषध यकृतात मोडत नाही, किडनीतून बाहेर जातं, त्यामुळे तुमचा हिशेब वेगळा आहे. गोळ्यांची पिशवी घरी राहिली असेल तर पाकिटांचे फोटो मागवून घ्या. माईक आता देतो.