धंतोली तिकडे नाही

(मुलं-मुली परदेशी असलेल्या नागपूरकर पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रात्री अडीचला फोन वाजला की मला घड्याळ बघावं लागत नाही. जर्मनीत तेव्हा रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात. दिवसभर अंगावर काढलेला ताप त्या पोराला आता सोसवत नसतो. पण फोन त्याचा नसतो. त्याने आईला फोन केलेला असतो आणि आई प्रतापनगरमधून मला करते. ‘‘मॅडम, झोपल्या होत्या का? पोराच्या हातावर चट्टे आले नं. फोटो टाकला आहे, बघता का जरा?’’

मी बघते. पिवळ्या दिव्याखाली काढलेला हात. चट्टे लाल आहेत की जांभळे, दाबल्यावर फिके पडतात की तसेच राहतात, त्या फोटोतून काहीच कळत नाही. आणि माझ्या दृष्टीने तर सगळा प्रश्न तिथेच असतो. ताप आणि दाबून न जाणारे चट्टे एकत्र असतील तर ती रात्र घरात काढायची नसते.

एकतीस वर्षं मी नागपुरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. तुमच्या मुलांपैकी निम्मी माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यामुळे तुम्ही मला फोन करता याचं मला कधीच वाईट वाटत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी लिहिलेली चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. आपल्याकडे मार्च २०२०मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, त्यातही देशाबाहेरच्या रुग्णाला दिलेला सल्ला बसत नाही. अडीच वाजता मी एवढंच करू शकते, की त्याने आत्ता कुठलं दार ठोठवायचं ते सांगते. आज मी त्या दारांबद्दल बोलणार आहे.

नागपुरात डॉक्टर शोधायचा म्हणजे आपण काय करतो? धंतोलीत जातो. एका गल्लीत उभं राहिलं की हाडांचा, मेंदूचा, किडनीचा, पोटाचा, सगळ्यांच्या पाट्या दिसतात. शेजारच्या काकूंच्या जावयाचं कुठे ऑपरेशन झालं ते विचारतो, ओळख काढतो, संध्याकाळी नंबर लावतो. परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, आता मिहानमध्ये एम्स आहे. तुम्हाला कोणी पाठवलं, असं कुठेच कोणी विचारत नाही. गुडघा दुखतो हे आपणच ठरवतो, गुडघ्याचा डॉक्टरही आपणच ठरवतो.

हीच सवय घेऊन मूल तिकडे उतरतं आणि पहिल्या आजारपणात चक्रावून जातं. कारण तिथे ओळखीने फारसं काही हलत नाही. योग्य दाराशी योग्य माहिती दिली, तर ते दार उघडतं.

ब्रिटनचं बघा. तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, जुलै १९४८पासून चालू आहे आणि तिचा उंबरठा म्हणजे जीपी, वस्तीतला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. फेब्रुवारी २०२४पासून व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार म्हणून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्याला ७७६ पौंड भरावे लागतात. तुमच्यापैकी कित्येकांनी ते एफडी मोडून भरले आहेत. मी या मुलांना विचारते, ‘‘जीपीकडे नाव घातलंस का?’’ तर उत्तर येतं, ‘‘अजून आजारी कुठे पडलोय?’’ अहो, पैसे भरून झाले आहेत! पहिल्या आठवड्यात बँकेचं खातं उघडता, सिमकार्ड घेता, त्याच आठवड्यात हे करा. विशेषज्ञाकडे जायचं तर चिठ्ठी हा जीपीच देणार आहे. रात्री-बेरात्री काही झालं आणि जिवावरचं नसेल तर १११ला फोन करायचा. जिवावरचं असेल तर ९९९.

तिथली रिसेप्शनिस्ट फोनवर विचारते, ‘‘कशासाठी यायचं आहे?’’ आपल्या मुलींना ते फार लागतं. हिला कशाला सांगायचं म्हणून त्या गप्प बसतात किंवा ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणतात, आणि मग तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते. ती बाई चौकशा करत नसते. कोणाला आज घ्यायचं आणि कोणाला नंतर, हे तिला ठरवायचं असतं.

हे मला कसं उमगलं ते सांगते. मुलाकडे जर्मनीत गेलो होतो आम्ही दोघं. तिसऱ्या आठवड्यात ह्यांना एका संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके दिसायला लागले. सकाळी म्हणाले, ‘‘कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, आणि खालून पडदा वर येतोय असं वाटतं.’’ मी डॉक्टर आहे. माझ्या पोटात गोळा आला. डोळ्याचा पडदा सुटत असताना दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. मुलाने डोळ्यांच्या पाच दवाखान्यांना फोन लावले. त्याचं जर्मन चांगलं आहे. दर वेळी तो अदबीने म्हणायचा, ‘वडिलांसाठी अपॉइंटमेंट हवी होती.’ एकीने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली, एकीने नवे रुग्ण घेत नाही म्हणून फोन ठेवला. त्या फोन ठेवण्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

सहाव्या फोनच्या आधी मी त्याला थांबवलं. कागदावर एक वाक्य लिहून दिलं: ‘वय ६४, काल संध्याकाळपासून अचानक, एका डोळ्यात प्रकाशाच्या रेघा आणि पडद्यासारखी सावली.’ म्हटलं, अपॉइंटमेंट हा शब्दच काढू नकोस, हे वाच. पलीकडची बाई लगेच म्हणाली, इथे येऊ नका, सरळ युनिव्हर्सिटीच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला जा, आत्ता. आम्ही गेलो. दुपारी तपासलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळा वाचला. फोन करणारा तोच, देश तोच, फक्त वाक्य बदललं होतं.

काय होतंय, कधीपासून, किती वेगाने वाढतंय. मुलांना घरी या तीन गोष्टी एका वाक्यात सांगायचा सराव करायला लावा. आपण दवाखान्यात ‘त्याचं असं झालं’ म्हणून लग्नाच्या जेवणापासून सुरुवात करतो. मला ते ऐकायला आवडतं, त्यातून मला पुष्कळ कळतं. पण ब्रिटनमधल्या जीपीकडे एका रुग्णासाठी साधारण दहा मिनिटं असतात. मुख्य दुखणं नवव्या मिनिटाला सांगून चालत नाही. आणि निघताना एक प्रश्न विचाराच: ‘काय झालं तर मी लगेच परत यायचं?’ पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं की आपल्याला वाटतं, टाळलं. अँटिबायोटिक लिहून दिली नाही म्हणजे डॉक्टरला कळलं नाही, असं नसतं. बहुतेक सर्दी-ताप आपोआपच जातात, इथेही आणि तिथेही. मात्र कशावर लक्ष ठेवायचं, ते विचारून घ्यायचा हक्क तुमचा आहे.

जर्मनीत अनेक विशेषज्ञांकडे थेट जाता येतं, पण तारीख लांबची मिळते. तिथला फॅमिली डॉक्टर, हाऊसआर्त्स्ट म्हणतात त्याला, तातडीचा कोड घातलेली चिठ्ठी देतो. मग ११६११७ या क्रमांकाच्या सेवेला तुम्हाला चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून द्यावी लागते. डॉक्टर तुमच्या पसंतीचा असेलच असं नाही. रात्रीच्या आजारपणालाही हाच नंबर, आणि जिवावरचं असेल तर ११२.

अमेरिकेत प्रश्नच वेगळा. तिथे ‘डॉक्टर चांगला आहे का’ याच्या आधी ‘तो माझ्या विम्याच्या यादीत आहे का’ हे विचारावं लागतं. तेही विमा कंपनीला आणि दवाखान्याला, दोघांना, आपल्या पॉलिसीचं नेमकं नाव सांगून. महाराष्ट्र मंडळातल्या कोणी नाव सुचवलं तर जरूर घ्या, पण त्यांची पॉलिसी वेगळी असू शकते. जखम शिवायची असेल, घसा सुजला असेल, तर अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ तातडीसाठीचा दवाखाना, पुरतो. छातीत दुखणं, लकवा, श्वास लागणं याला ९११. जानेवारी २०२२पासून तिथे कायदा आहे, की इमर्जन्सीत यादीबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तरी यादीबाहेरचा म्हणून जादा आकार तुमच्या माथी मारता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यात येत नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, बॅग. निघायच्या आदल्या दिवशी पलंगावर उघडी पडलेली असते. मेतकूट, तिखट, लोणच्याची बरणी चार पिशव्यांत गुंडाळलेली. आणि एका कोपऱ्यात औषधांची थैली. ती मी उलटी करून बघते. केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या पट्ट्या. नावाचा अर्धा भाग एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा दुकानातच राहिलेला. हे औषध तिथल्या डॉक्टरने कसं ओळखायचं? पूर्ण पट्टी घ्या, डब्यासकट घ्या, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा. मूळ नावंही देशागणिक बदलतात. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटामिनोफेन असतं. खोकल्याच्या औषधातलं कोडीन किंवा दुखण्यावरचं ट्रॅमाडोल घेऊन दुबईला निघाला असाल तर आधी परवानगी लागते. खिशात सापडलं तर ‘आईने दिलं’ हे उत्तर चालत नाही.

आकडेही बदलतात. एक गृहस्थ मुलीकडे मँचेस्टरला गेले होते. तिथून फोन आला, ‘‘डॉक्टर, बाबांची शुगर फक्त नऊ!’’ घरात रडारड. साखरपाणी पाजायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, नऊला अठराने गुणा. १६२. जेवणानंतरची होती, त्यांच्या वयाला ठीकच. तिथे एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५३ आलं तर ते आपलं ७ टक्के. हिमोग्लोबिन १०२ म्हणजे १०.२. रिपोर्टवर आकड्यापुढे एकक लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

आपण स्वतः भेटायला जातो तेव्हाचंही सांगते. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसाला, निदान ३०,००० युरोंचा विमा लागतो. तो अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो. बीपीची गोळी संपली, हे त्यात बसत नाही. जुना आजार लपवून पॉलिसी घेतली तर दावा तिथेच अडकतो. ह्यांच्या डोळ्याचे पैसे आम्हाला आधी खिशातून भरावे लागले आणि पाच महिन्यांनी परत मिळाले. मिळाले, कारण प्रत्येक कागद जपला होता.

आणि एक गोष्ट विदर्भातल्या माणसांनीच एकमेकांना सांगायला हवी. सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे तो किती घरांत आहे, हे या सभागृहात मी वेगळं सांगायला नको. माझी एक पेशंट, नागपूर जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी, हुशार, नोकरीसाठी जर्मनीला गेली. पहिल्या थंडीत हातपाय आणि पाठ इतकी दुखायला लागली, की तिला जिना चढता येईना. हाडांच्या डॉक्टरने बसण्याची पद्धत सुधारायला सांगितली, व्यायाम दिले. तिकडे सिकलसेल म्हटलं की आफ्रिकी वंशाचे लोक डोळ्यासमोर येतात. भारतीय मुलीकडे बघून कोणाला शंका आली नाही. आणि तिने सांगितलं नाही. का? लग्न जमायचं आहे, तिकडे कोणाला बोलू नकोस, असं आईने निघताना बजावलं होतं. सिकलसेलचं कार्ड घरी गोदरेजच्या कपाटात होतं.

थंडी आणि कमी पाणी पिणं, या दोन्हींनी सिकलसेलच्या कळा उठतात. तिच्या वाट्याला दोन्ही आलं होतं. मला फोन आला तेव्हा मी आईला म्हटलं, ‘‘ताई, कपाट उघडा आणि कार्डाचा फोटो आत्ता पाठवा.’’ आई फोनवरच रडायला लागली. तो फोटो मुलीने हाऊसआर्त्स्टला दाखवला. पुढचं तिथल्या व्यवस्थेने फार चांगलं केलं. आठवड्याभरात ती रक्तविकाराच्या विभागात होती. ज्या औषधाला इथे आपण हायड्रॉक्सीयुरिया म्हणतो, तेच तिथे हायड्रॉक्सीकार्बामाइड या नावाने मिळालं. औषध बदललं म्हणून ती घाबरली होती. मी तिला दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून पाठवली.

ज्यांना फक्त वाहकपणा आहे, म्हणजे स्वतःला आजार नाही पण तो मुलांकडे जाऊ शकतो, त्यांनीही तो सांगावा, गरोदरपणात तर नक्कीच. ब्रिटनमध्ये प्रत्येक गरोदर बाईला सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या तपासणीबद्दल विचारतात, कुटुंब मूळ कुठलं ते विचारतात. जर्मनीत ऑक्टोबर २०२१पासून नवजात बाळांची ही तपासणी होते. ‘कुटुंब कुठलं’ या प्रश्नाला ‘इंडिया’ एवढंच उत्तर देऊ नका. विदर्भ म्हणा, मध्य भारत म्हणा, आमच्या भागात हा आजार आहे म्हणा. लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही. लपवल्याने मात्र एका मुलीचे चार महिने दुखण्यात गेले.

बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत, जाताना एकेक घ्या. वर नाव आणि जन्मतारीख, खाली जुने आजार, ऑपरेशनं आणि त्यांची वर्षं, चालू औषधांची मूळ नावं आणि मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी आहे, आणि घरात कोणाला काय आहे. इंग्रजीत लिहा, सुवाच्य लिहा. अक्षर नीट नसेल तर कॉलेजातल्या भाचीकडून टाइप करून घ्या. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, घेतल्याची नोंदही करा. तिथे क्षयाची चाचणी करताना मॅन्टू ही कातडीवरची चाचणी त्यामुळे फुगू शकते. रक्तावरच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती करता येईल का विचारा. आणि रक्तगट पाठ आहे म्हणून लिहू नका. रिपोर्ट शोधा, तो समोर ठेवा, आणि त्यात बघून लिहा.