निरोपांचं रान

(अंधार. ताडोबा जंगलाच्या मोहर्ली फाटकापाशी रांगेत उभ्या सफारीच्या जिप्सी गाड्या. दिव्यांच्या झोतात उडणारी धूळ.)

पहाटेचे पाच वाजून गेलेत. मे महिना असूनही या वेळेला हवेत थोडा गारवा आहे. तासाभरात तो कुठे गेला ते कळणारही नाही. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो.

फाटकावर ओळखपत्रं तपासून होतात. गाईड ताई पुढच्या सीटवर चढतात. आणि मोबाईल जमा करावे लागतात. ताडोब्याच्या कोअर, म्हणजे गाभ्याच्या भागात फोन न्यायला बंदी आहे. पुढचा अर्धा तास प्रत्येकाचा हात खिशाकडे जातो आणि रिकामाच परत येतो.

आता बातमी मिळवायची तर ती कानांनी, नाकानं आणि मातीत बघून.

(उजाडतंय. सागाची निष्पर्ण झाडं. रस्त्याकडेचा एक दगडी खांब.)

हे खांब पाहून ठेवा. ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं ते ठरावीक अंतरावर उभे आहेत. गोंड राजांच्या काळातले. खांबांच्या माथ्यातून दोर ओवलेला असायचा, दोराला घंटा बांधलेल्या. राजाची स्वारी निघाली की दोर हलवायचा, म्हणजे पुढच्यांना वर्दी पोचायची, असं इथले लोक सांगतात. दोर गेले, घंटा गेल्या, खांब तेवढे राहिले. वर्दी देण्याचं काम मात्र या रानात एक दिवसही बंद पडलेलं नाही.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आज महाराष्ट्रात असलेल्या उद्यानांमधलं हे सगळ्यात जुनं. तेव्हा क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरच्या आसपास. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा धरून आज हा पसारा १,७०० चौरस किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या रानात पट्टेवाला एक प्राणी शोधायचा. जिप्सीत बसून नुसतं डोळे फाडून तो सापडत नाही.

(रस्त्यावरची मऊ धूळ. पंजाचा ठसा.)

गाडी थांबते. धुळीत पगमार्क. ताई वाकून बघतात. ठसा चौकोनी, गोलसर दिसला तर बहुधा नर. लांबट आणि बोटं निमुळती असली तर मादी. हा लांबट आहे. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, वरून किड्याची चालही उमटलेली नाही. म्हणजे वाघीण पहाटे इथून गेली. रात्री रातवे पक्षी याच रस्त्यावर बसतात, त्यांना ती दिसली असेल. आपल्याला उशीर झाला.

पुढे एका झाडाच्या बुंध्यावर ओलसर डाग. वाघ शेपटी वर करून मागच्या बाजूला फवारा मारतो, ही त्याची हद्दीची पाटी. तिचा वास नुकत्याच शिजलेल्या बासमती भातासारखा येतो. खरं सांगतोय. भाताला ज्या रसायनामुळे तो सुवास येतो, तेच वाघाच्या फवाऱ्यातही असतं. दुसरा वाघ आला की इथे नाक लावतो, वरचा ओठ मुडपून तोंड वेंगाडतो. कोण गेलं, कधी गेलं, नर की मादी, सगळं त्याला त्या वासातून कळतं. आपल्याला फक्त भूक लागते.

(बांबूचं बेट. अचानक चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, पाठोपाठ वानरांचा खाकरा.)

चितळ ओरडलं की सगळी जिप्सी ताठ होते. पण ताई शांत आहेत. चितळ भित्रं. बिबट्याला ओरडेल, रानकुत्र्याला ओरडेल, कधी पान हललं तरी ओरडेल. वानराचं तसं नाही. तो शेंड्यावर बसलेला असतो, त्याला वरून दिसतं. चितळ आणि वानर यांची जुनी भागी आहे. वानर पानं-फळं खाली पाडतो, चितळ ती खातं. चितळाचं नाक आणि वानराचे डोळे एकमेकांच्या कामी येतात.

आणि या सगळ्या व्यवहारात एक लबाड आहे. भृंगराज. काळाभोर पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, त्यांचे धोक्याचे इशारेसुद्धा. दहा मिनिटं आपण ज्या झुडपाकडे श्वास रोखून बघत होतो, तिथून अखेर तोच उडतो.

(रानकुत्र्यांची टोळी, रस्ता ओलांडताना.)

रानकुत्रे. जुनी माणसं कोळसून म्हणतात. हे भुंकून एकमेकांना साद घालत नाहीत, शीळ घालतात. दाट झाडीत टोळी फाटली की या शिळेवरच ती पुन्हा एकत्र येते. रानातली सगळ्यात शिस्तीची शिकारी जमात ही. पण हिच्यासाठी कुणी जिप्सी पळवत नाही. वाईट वाटतं.

दुपारी उद्यान बंद. उन्हात झाड आणि माणूस दोघंही गप्प.

(संध्याकाळ. ताडोबा तलाव. काठावर पालथी पडलेली मगर.)

तलावाकाठी मोठ्या झाडाखाली एक ठाणं आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी लढताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानलं, त्याच्यावरून ताडोबा. पौष महिन्यात इथे जत्रा भरते. वाघाशी झुंजलेल्या माणसाच्या नावानं वाघांचं रान ओळखलं जावं, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

(सांबराचा कॉल. खोल, एकच. शांतता. पुन्हा एकदा.)

"दादा, बंद करा गाडी."

हा कॉल वेगळा. सांबर उगाच बोलत नाही. मादी पाणवठ्यापासून चाळीस पावलांवर उभी आहे, शेपूट वर, कान पुढे, पुढचा पाय आपटतेय. ती आपल्याकडे बघत नाही. ती जिकडे बघतेय तिकडे बघायचं, एवढंच आपलं काम. वानर खाकरतात. मोर केकाटतो. एकेक कॉल डावीकडून उजवीकडे सरकतो. न दिसणारं कुणीतरी बांबूच्या आडून चालत चाललंय आणि त्याची वाट आपल्याला ऐकू येतेय.

मग वाघीण बाहेर येते. पाण्याशी थांबते, वळते आणि पाठमोरी पाण्यात उतरते. वाघ बहुतेकदा असाच उतरतो, तोंडावर पाणी नको म्हणून.

चार मिनिटं. तेवढ्यात मागे अकरा जिप्सी जमलेल्या. सगळ्यांच्या आधी तिला सांबरानं पाहिलं होतं.

(परतीचा रस्ता. खांब, आता काळे.)

सूर्य टेकलाय. वेळेत फाटकाबाहेर पडायला हवं, नाहीतर गाईड आणि ड्रायव्हर दोघांवर कारवाई होते. जिप्सी जरा वेगात आहे. मागे कुठेतरी पुन्हा तोच खोल आवाज.

ताई मान वळवून ऐकतात. "तेलिया तलावाच्या बाजूनं आहे."

ड्रायव्हर दादा घड्याळ बघतात. गाडी थांबत नाही.