छातीतला खड्डा आणि मज्जासंस्थेची धावपळ

तपासणीच्या टेबलावर चौदा वर्षांचा एक मुलगा उताणा पडला आहे. कॅमेरा त्याच्या पायांकडून छातीकडे पाहतो आहे, त्यामुळे छातीच्या मधोमध असलेला खड्डा स्पष्ट दिसतो. मुलगा खोल श्वास घेतो, दोन्ही बाजूंच्या बरगड्या फुलतात; पण मधला भाग त्यांच्याबरोबर वर येत नाही, उलट किंचित आणखी आत जातो.

या व्यंगाचे वैद्यकीय नाव पेक्टस एक्स्कॅव्हेटम असे आहे आणि त्या लॅटिन शब्दांचा अर्थ पोखरलेली छाती असाच होतो. छातीच्या पिंजऱ्याच्या जन्मजात व्यंगांमध्ये हे सर्वाधिक आढळते. साधारण 300 ते 400 जन्मांमागे एका बाळात ते असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये त्याचे प्रमाण तीन ते चार पट असते. उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधले चपटे हाड, बरगड्यांशी कूर्चांनी जोडलेले असते; या कूर्चांच्या वाढीत बिघाड झाला की हाड आत ओढले जाते. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा खड्डाही खोल होतो, म्हणून अनेकदा तक्रारींना सुरुवात त्याच काळात होते.

या तक्रारी कोणत्या, ते पाहण्यासारखे आहे. धावताना इतरांपेक्षा लवकर दम लागतो, छाती धडधडते, उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी बोटांना मुंग्या येतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी मज्जासंस्थेच्या आजारासारख्या वाटतात आणि त्यामुळे घरच्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो : आत गेलेले हाड एखादी नस दाबत तर नसेल ना?

त्याचे उत्तर शरीररचनेत आहे. पडद्यावर आता छातीचा आडवा छेद दिसतो आहे. वरच्या बाजूला उरोस्थी आहे, खालच्या बाजूला पाठीचा मणका. हृदयाला वेग देणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंची साखळी मणक्याला लागून, बरगड्यांच्या मुळांशी आहे, म्हणजे खड्ड्यापासून सर्वांत दूर. हृदयाचा वेग आवरणारा व्हेगस मज्जातंतू फुप्फुसाच्या देठामागून खाली उतरतो. श्वासपटल हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू मानेतून निघून हृदयाच्या आवरणाच्या दोन्ही कडांनी जातो. उरोस्थीच्या थेट मागे, ती आत आल्यावर जिची अडचण होईल अशी जागा हृदयाच्या उजव्या कप्प्यांची आहे. या छेदात हृदय डावीकडे सरकलेले आणि समोरून चपटे झालेले दिसते. हाड दाबते ते हृदयाला. मज्जासंस्थेच्या वाट्याला येते ती त्या दाबाची भरपाई करण्याची कामगिरी.

ती भरपाई कशी होते, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करू. हृदय एका ठोक्यात 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि मिनिटाला 70 ठोके पडतात असे मानले, तर मिनिटाला सुमारे 4.9 लिटर रक्त शरीरात फिरते. उजवा कप्पा पुरेसा भरला नाही आणि ठोक्यामागचे रक्त 60 मिलिलिटरवर आले, तर तेवढाच पुरवठा राखायला 82 ठोके लागतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण शरीर खरोखरच असा हिशेब करते. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाबाचे संवेदक आहेत. रक्तदाब जरा घसरला की तिथून मेंदूच्या तळाशी जाणाऱ्या संदेशांची गती कमी होते, आणि मेंदू ताबडतोब व्हेगसचा लगाम सैल करतो. लगाम हा शब्द इथे नेमका आहे, कारण हृदयाचा मूळ वेग मिनिटाला सुमारे 100 ठोक्यांचा असतो आणि विश्रांतीच्या वेळी व्हेगसच तो सत्तरच्या आसपास आणून ठेवतो. लगाम सैल करूनही भागले नाही, तर अनुकंपी मज्जातंतू ठोके आणखी वाढवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात.

टेबलावर पडलेल्या मुलाच्या बाबतीत ही यंत्रणा निवांत असते. आडव्या शरीरात पायांकडचे रक्त सहज हृदयाकडे परतते, त्यामुळे झोपवून केलेल्या इको तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेल्या हृदयाच्या चित्रात, अनेकदा काहीच वावगे दिसत नाही. तोच मुलगा उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. निरोगी माणसात ही तूट काही ठोक्यांत भरून निघते. चपटलेल्या कप्प्याला भरायला आधीच जागा कमी असल्यामुळे इथे तीच तूट जास्त जाणवते. धावायला लागल्यावर तर ठोक्यामागचे रक्त हवे तितके वाढत नाही आणि सगळा भार ठोक्यांच्या संख्येवर येतो. म्हणूनच अशा रुग्णाची तपासणी सायकलवर किंवा ट्रेडमिलवर, अंगावर श्रम असताना केली, तर ती अधिक बोलकी ठरते. सीटी स्कॅनवरून काढला जाणारा हॅलर इंडेक्स, म्हणजे छातीच्या आतल्या रुंदीला उरोस्थी आणि मणका यांमधल्या अंतराने भागून येणारा आकडा, सर्वसाधारण छातीत 2.5 च्या आसपास असतो आणि 3.25 च्या पुढे गेल्यास व्यंग तीव्र मानले जाते. तो उपयुक्त आहे. मात्र तो स्तब्ध पडलेल्या शरीराचा आकडा आहे, जिना चढणाऱ्या शरीराचा नव्हे, हे फाईल वाचताना पुष्कळदा विसरले जाते.

बोटांतल्या मुंग्यांचा उगम वेगळा आहे. दम लागेल या धास्तीने किंवा छाती मोकळी फुलत नसल्यामुळे रुग्ण उथळ आणि भरभर श्वास घेऊ लागतो. त्यातून गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातले मोकळे कॅल्शियम कमी होते, आणि कॅल्शियम कमी झालेले मज्जातंतू थोड्याशा निमित्तानेही संदेश सोडू लागतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना येणाऱ्या मुंग्या म्हणजे हेच संदेश. त्या आल्या की घाबरायला होते, घाबरल्यावर अनुकंपी मज्जातंतू आणखी चेततात आणि धडधड वाढते. शर्ट काढावा लागू नये म्हणून पोहणे टाळणाऱ्या, चारचौघांत खांदे पुढे घेऊन छाती लपवणाऱ्या किशोरवयीन मुलाच्या बाबतीत हे सगळे मनाचे खेळ आहेत असे म्हणणे सोपे असते. त्याची भीती खरी असते आणि त्याच्या हृदयाची अडचणही खरी असते. एक सापडली म्हणून दुसरी शोधायचे थांबणे हा निदानातला आळस आहे.

खांदे पुढे घेण्याच्या सवयीची किंमत मान आणि पाठ यांचे स्नायू मोजतात. पुढे झुकलेले डोके तोलून धरण्यासाठी ते दिवसभर ताणलेले राहतात, आणि पाठीत किंवा बरगड्यांच्या कडेने उठणारी कळ हृदयाची आहे की स्नायूंची, हे रुग्णाला सांगता येत नाही.

आणखी एक गुंता इथे नोंदवला पाहिजे. मार्फान सिंड्रोम, एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम यांसारख्या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकारांमध्ये छाती खोलगट असू शकते, आणि यांतल्या काहींमध्ये, विशेषतः एहलर्स-डॅनलॉसमध्ये, उभे राहिल्यावर ठोके बेसुमार वाढण्याचा स्वायत्त मज्जासंस्थेचा त्रासही आढळतो. अशा रुग्णात खड्डा आणि धडधड ही एकाच मुळाची दोन फळे असू शकतात. हाड वर उचलल्याने दुसरे फळ गळून पडेलच असे नाही, आणि शस्त्रक्रियेआधी हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू, कारण मज्जातंतूंशी थेट गाठ पडते ती तिथेच. 1949 साली मार्क रॅविच यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत छाती समोरून उघडून वेड्यावाकड्या कूर्चा काढल्या जात. डॉनल्ड नस यांनी 1987 मध्ये नवी पद्धत वापरली आणि 1998 मध्ये तिचे अनुभव प्रसिद्ध केले. तिच्यात काखेखालच्या लहान छेदांतून धातूची वाकवलेली पट्टी उरोस्थीच्या मागून नेतात आणि मग उलटी फिरवतात. पट्टीची कमान वर येताच हाड उचलले जाते आणि इतक्या वर्षांचा खड्डा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच नाहीसा होतो. हे दृश्य पाहताना टाळी वाजवावीशी वाटते, परंतु त्या क्षणापासून प्रत्येक बरगडी ताणलेली असते, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खाचेतून एक मज्जातंतू जात असतो.

त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतरची वेदना तीव्र असते. पूर्वी पाठीच्या कण्यालगत नळी बसवून काही दिवस भूल चालू ठेवत आणि अफूवर्गीय औषधांचा आधार घेत. अलीकडे अनेक ठिकाणी क्रायोअब्लेशन, म्हणजे मज्जातंतू गोठवण्याची क्रिया, केले जाते. दुर्बिणीतून दिसणाऱ्या या चित्रात बरगडीखालच्या खाचेवर एका बारीक सळईचे टोक टेकवलेले आहे. टोकाचे तापमान उणे 60 ते उणे 70 अंश सेल्सिअसच्या घरात आहे. त्याच्याभोवती पांढरा बर्फ धरतो, दोन मिनिटांनी तो वितळू दिला जातो आणि सळई पुढच्या बरगडीकडे सरकते. साधारणपणे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे मज्जातंतू दोन्ही बाजूंना असे गोठवले जातात. गोठण्याने संदेश नेणारा आतला धागा मरतो, पण त्याच्याभोवतीची नळी शाबूत राहते, आणि त्या नळीच्याच वाटेने नवा धागा पुन्हा वाढत येतो. त्याची गती दिवसाला एक ते तीन मिलिमीटर असते.

या उपायाने रुग्णालयातला मुक्काम कमी झाला आहे आणि अफूवर्गीय औषधांची गरजही घटली आहे. त्याच्या बदल्यात छातीची पुढची बाजू काही आठवडे ते काही महिने बधिर राहते. प्रौढांमध्ये संवेदना परतायला जास्त वेळ लागू शकतो, आणि थोड्या जणांना त्या काळात जळजळ किंवा सुया टोचल्यासारखे होते. शस्त्रक्रियेत हात फार वर किंवा मागे ताणून ठेवले, तर काखेतून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते, म्हणून भूलतज्ज्ञ हात ठेवण्याच्या कोनाकडे बारीक लक्ष देतात. शस्त्रक्रियेऐवजी छातीवर बसवून हाड वर खेचणाऱ्या निर्वात घंटेच्या उपचारातही सुरुवातीला काहींच्या हातांना तात्पुरत्या मुंग्या येतात.

सुरुवातीला टेबलावर पाहिलेला मुलगा अशा शस्त्रक्रियेनंतर आता घरी आहे. आंघोळ करताना काखेपासून उरोस्थीपर्यंतच्या पट्ट्यात त्याला पाण्याचा ऊनपणा कळत नाही, स्वतःच्या बोटाचा स्पर्श दुसऱ्या कुणाच्या त्वचेला झाल्यासारखा वाटतो. दर तपासणीला डॉक्टर कापसाचा बोळा काखेकडून मध्याकडे ओढत नेतात आणि जाणीव जिथे संपते तिथे पेनाने खूण करतात. दर वेळी ती खूण मध्याच्या थोडी जवळ येते. पट्टी दोन ते चार वर्षांनी काढली जाते. तोवर मज्जातंतू पुन्हा वाढलेले असतात आणि छेदाआधी दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनची टोच त्याला जाणवते.