गोग्रास जातो कुठं?

(पहाट. इंदूरच्या कडेचा गोठा.)

पोहे-जिलबीच्या गाड्या लागायच्या आत इथलं दूध काढून झालेलं असतं. मराठी मोहल्ल्यातून आलेल्या काकू गोग्रासाची पोळी पुढं करतात. गाईनं ती चावली न चावली तोच गिळली.

आधी भरून घ्यायचं, चावायचं निवांत बसल्यावर. आता तिची मान बघा, डाव्या बाजूनं. एक उंचवटा खालून वर सरकला ना? तो घास. मिनिटभर, पन्नासेक वेळा चावून ती तो परत गिळेल, की लगेच दुसरा वर. दिवसाचे सात-आठ तास हे रवंथ चालतं.

(डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, टेकवलेली मूठ.)

इथं मूठ दाबून धरली की आत काहीतरी ढवळल्यासारखं हाताला लागतं, मिनिटाला एक-दोनदा. हे कोटीपोट, गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला कप्पा, शंभर लिटरहून मोठं पिंपच. कडबा गाय स्वतः पचवत नाही. तो आंबवतात इथले जिवाणू, हवेवाचून, उबेत. त्यातून सुटणाऱ्या आम्लांवर गाईचा बहुतेक जोर चालतो. मिथेन ढेकरेतून बाहेर पडतो. देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओला कचरा पचवायच्या ताकदीचा गॅस प्रकल्प इंदूरकरांना ठाऊक आहे. त्याचीही रीत हीच.

शेजारी जाळीपोट, आतून मधाच्या पोळ्यासारखं. गिळलेला खिळा इथं अडकतो, आणि पुढं पातळ पडद्यापलीकडे लगेच हृदय. पडदेपोट पाणी शोषतं. मग खरं पोट. इथं आम्ल सुटतं आणि ते जिवाणूच पचतात; गाईची बरीचशी प्रथिनं त्यांच्यातूनच येतात. वासरू दूध प्यायलं की ते कोटीपोट टाळून थेट इथं उतरतं.

कोटीपोटातून पुढं सरकायला मात्र घास बारीक व्हावा लागतो. प्लास्टिकची पिशवी बारीक होत नाही, कुजतही नाही. एकीला दुसरी गुंडाळली जाते, दोरासारखा पीळ पडतो, गोळा वाढतो. पोट भरलेलं दिसतं आणि जनावर वाळत जातं. मग भकाळी बधिर करून, उभ्या गाईचं पोट उघडून, डॉक्टर कोपरापर्यंत हात घालून तो गोळा ओढून काढतात. चिखलानं माखलेल्या चिंध्यांसारखा दिसतो तो. आत कुणीतरी टाकलेली भाजीची सालं गाठीसकट तशीच सापडतात. ती गाठ कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसलेली असते.

(काकूंचे हात.)

काकूंनी मटारची सालं आणली आहेत, स्टीलच्या डब्यातून. घमेल्यात डबा उपडा केला, तळाला चिकटलेली दोन सालं बोटानं काढून टाकली. गाय तिकडं वळली.